एक यादी हवी आहे, आयुक्तसाहेब

मा. आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका



हे पत्र एका यादीसाठी आहे. आपल्या शहरात अंगावरची चरबी शस्त्रक्रियेने काढण्याचं, म्हणजे लायपोसक्शनचं, आणि सैल पडलेली कातडी कापून पोट, दंड, छाती नीट करण्याचं काम कोणकोणत्या जागी होतं? ते कोणते डॉक्टर करतात, त्यांची वैद्यक परिषदेकडे नोंदलेली पात्रता काय, भूल कोण देतं आणि रात्री-अपरात्री रुग्ण बिघडला तर त्याला कुठे हलवतात? एवढी माहिती एका कागदावर, मराठीत, महापालिकेने लोकांसमोर ठेवावी, असं माझं मागणं आहे.

मी शस्त्रक्रियागृहातली परिचारिका. आता निवृत्त आहे, सिडकोत राहते. गल्लीतल्या बायका मला अजून सिस्टरच म्हणतात आणि दवाखान्याची गोष्ट निघाली की माझ्याकडे येतात. पूर्वी मोतीबिंदू, गर्भपिशवी, मूळव्याध हे विषय असायचे. अलीकडे आवाज खाली आणून विचारतात, ‘सिस्टर, ते चरबी काढायचं ऑपरेशन करतात ते डॉक्टर चांगले आहेत का हो?’ जालन्याहून भाची फोन करते, ‘मावशी, मोबाइलवर पॅकेज आलंय. एका दिवसात घरी. हप्ते पण करून देतात. घेऊ का?’ मी तिला डॉक्टरांची पदवी विचारते. ती म्हणते, ‘ते नाही माहीत, पण त्यांचे खूप फॉलोअर आहेत.’

ही मुलगी शिकलेली आहे. साडी घेताना दहा दुकानं फिरते. आपल्या पोटात नळी घालणारा माणूस कोण आहे हे तिला ठाऊक नाही, कारण ते कळावं अशी सोय तिच्या वाटेत कुणी केलेलीच नाही.

या ऑपरेशनला जाणाऱ्यांना नावं ठेवण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. ‘नटायचं वेड’ म्हणून बोळवण करणाऱ्यांनी ही माणसं जवळून पाहिलेली नसतात. दोन सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून फाकलेले असू शकतात आणि ते कितीही व्यायाम केला तरी पूर्ण जुळतीलच असं नाही. खूप लठ्ठ असलेला माणूस पन्नास-साठ किलो वजन उतरवतो, तेव्हा कातडीची घडी लोंबत राहते. उन्हाळ्यात त्या घडीत ओल राहते, कातडी सोलवटते, वास येतो. अठरा-वीस वर्षांच्या काही मुलांची छाती वाढलेली असते. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा मैदानावर बनियनवर उभा राहायला लाजतो, पोहायला जात नाही, घरात कुणाशी बोलतही नाही. ह्यांचं दुःख खरं आहे आणि चांगल्या हातात ते बरंचसं दूरही होतं.

पण या तिन्ही माणसांना वेगवेगळं काही हवं आहे. स्नायू फाकलेल्या पोटातून नुसती चरबी ओढून काढली तर कातडी आणखी सैल होते आणि पोट पहिल्यापेक्षा वाईट दिसतं. तिथे स्नायू शिवून जादा कातडी काढावी लागते. शिवाय जुन्या टाक्यांखाली हर्निया लपलेला असू शकतो. तो न तपासता नळी आत फिरवली तर आतड्याला भोक पडू शकतं. मुलाच्या छातीत चरबीबरोबर बहुधा गाठीसारखी ग्रंथीही असते, ती नळीने पुरती निघत नाही, कापून काढावी लागते. त्याआधी तो कुठली औषधं घेतो, व्यायामशाळेत कुणी इंजेक्शनं दिली का, संप्रेरकांचा काही दोष आहे का, हे पाहावं लागतं. वयात येताना वाढलेली छाती पुष्कळ मुलांची दोन-एक वर्षांत आपोआप बसते, त्यांना ऑपरेशनच नको असतं. हे ओळखणं हीच सर्जनची अर्धी विद्या. पॅकेज विकणाऱ्या काउन्सेलरला ते कसं कळणार?

लोकांना वाटतं की ही किरकोळ गोष्ट आहे, कारण बाहेर दिसतात ती भोकं अगदी बारीक असतात. आत काय होतं ते मी सांगते. आधी चरबीच्या थरात सलाईनमध्ये कालवलेलं लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनॅलिन भरतात. अ‍ॅड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव कमी होतो. लिग्नोकेनने तो भाग बधिर होतो. मग पोकळ नळी, जिला कॅन्युला म्हणतात, पुढेमागे फिरवत सक्शनने चरबी ओढतात. नळीचं टोक डोळ्यांना दिसत नाही. कातडीवर ठेवलेल्या दुसऱ्या हाताच्या तळव्याला ते जाणवतं, आणि तेवढ्यावर सर्जनला कळायला हवं की आपण कातडीच्या किती खाली आहोत आणि पोटाचा पडदा किती जवळ आहे. हा हात वर्षानुवर्षं कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करून येतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही तेच सांगतो. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिए नावाच्या सर्जनने एका नर्तकीच्या गुडघ्यांजवळची चरबी गर्भाशय खरवडायच्या हत्याराने काढायचा प्रयत्न केला. पायाची रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला आणि कापावा लागला. त्यानंतर अनेक दशकं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. १९७० च्या दशकात रोमचे फिशर आणि पॅरिसचे इलूझ यांनी बोथट नळी आणि सक्शनची पद्धत बसवली. १९८० च्या दशकात क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने पातळ लिग्नोकेन भरण्याची रीत घडवली आणि रक्तस्राव एकदम खाली आला. आज हे ऑपरेशन सुरक्षित म्हणता येतं ते या माणसांनी घातलेल्या मर्यादांमुळे, आणि त्या पाळणाऱ्याच्याच हातात.

मर्यादा म्हणजे काय, तर साध्या टोचणीत अ‍ॅड्रिनॅलिनबरोबर लिग्नोकेन किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत द्यावं असं सांगतात. या पातळ द्रावणात मात्र किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, कारण ते चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं. यातला धोका मला घरोघरी सांगावासा वाटतो. रक्तातली त्याची पातळी सर्वांत वर जाते ती आठ-दहा तासांनी, कधी त्याहून उशिरा. सकाळी अकराला ऑपरेशन झालेली बाई संध्याकाळी चहा घेऊन हसत घरी जाते आणि जीभ बधिर होणं, कानात गुणगुण, झटके, हृदयाचे ठोके चुकणं हे सारं रात्री जेवणानंतर, घरात, कुणी ओळखणारं नसताना सुरू होऊ शकतं. चरबीचे कण किंवा पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याचा धोकाही पुढचे काही दिवस राहतो. ‘एका दिवसात घरी’ हे वाक्य मोबाइलवर गोड वाटतं. ते कुणाच्या बाबतीत खरं करायचं आणि कुणाला रात्रभर ठेवून घ्यायचं, हे ठरवणारा माणूस तिथे हवा. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांची संघटना एका बैठकीत पाच लिटरपेक्षा जास्त, म्हणजे चरबी आणि द्रव मिळून, काढलं तर ते मोठं ऑपरेशन मानते आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवायला सांगते. आपल्याकडच्या जाहिरातींत जास्तीत जास्त लिटर हाच पराक्रम असतो.

आणि ज्यांना साखर आहे, रक्तदाब आहे, आणि ज्यांना वाटतं की चरबी गेली की गोळ्याही जातील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २००४ साली अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यांच्या पोटावरची दहा किलोच्या आसपास चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं तर साखर, इन्शुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कातडीखालची चरबी काढल्याने आकार बदलतो. यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठलेल्या चरबीला नळी लागतच नाही. वजन कमी करण्याचा उपाय म्हणून जो हे ऑपरेशन विकतो, त्याच्या खुर्चीसमोरून उठावं.

आता पाटीवरच्या अक्षरांकडे येते. एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग जनरल सर्जरीत एमएस तीन वर्षं, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच तीन वर्षं, अशी साडेअकरा वर्षं घालवून माणूस प्लास्टिक सर्जन होतो. डीएनबी, डीआरएनबी हीही त्याच मानाची मान्य वाट आहे. महाराष्ट्राला या विद्येचा अभिमान वाटावा असा वारसा आहे. १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे दुरुस्त केले. आपल्या शहराने तर ही विद्या जवळून पाहिली ती मोफत शिबिरांत. पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले. अपघाताने अपंगत्व आलं, कर्करोगाने आवाज गेला, तरी दरवर्षी भारतात येऊन दुभंगलेले ओठ शिवत राहिले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. लायन्स क्लबने इथे भरवलेल्या त्या शिबिरांना मराठवाड्याच्या खेड्यांतून आईबाप लेकरं घेऊन यायचे. प्लास्टिक सर्जन या शब्दाला या भागात जी पत आहे ती अशा हातांनी कमावलेली आहे. आज ती पत दुसरेच कुणी वापरतात तेव्हा मला राग येतो.

कारण ‘कॉस्मेटिक सर्जन’, ‘एस्थेटिक फिजिशियन’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘फेलोशिप इन’ अमुक आणि ‘सर्टिफाइड’ तमुक ही अक्षरं पाटीवर लिहायला साडेअकरा वर्षं लागत नाहीत. काही प्रमाणपत्रं शनिवार-रविवारच्या वर्गातून मिळतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. रीतसर शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्यांनीच हे काम करावं, नुसत्या कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून ते सुरू करू नये, असं त्यात म्हटलं आहे. देशाच्या वैद्यकीय आयोगाला यूट्यूबचं नाव घ्यावं लागलं, यावरून परिस्थिती समजावी. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांतही आहे की ज्या शाखेची विशेष पात्रता नाही, त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणून डॉक्टरने स्वतःला म्हणवून घेऊ नये, आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावावा.

त्वचारोगतज्ज्ञांबद्दल माझा आक्षेप नाही. जागेवरच्या भुलीखाली थोडी चरबी काढण्याचं शिक्षण त्यांच्यातल्या अनेकांनी घेतलेलं असतं, आणि पातळ लिग्नोकेन भरण्याची रीत त्यांच्याच शाखेतून आली आहे. पण पोट, कंबर, मांड्या एकदम, किंवा कातडी कापून स्नायू शिवणं, किंवा आधी बिघडलेलं नीट करणं, हे काम प्लास्टिक सर्जनचंच. दंतवैद्याचं नाही, होमिओपॅथचं नाही, आणि एमबीबीएसवर थांबलेल्या चांगल्या मनाच्या डॉक्टरचंही नाही. १९९६ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ज्या वैद्यकशाखेचं ज्ञान नाही तिचा उपचार करणारा माणूस त्या उपचारापुरता भोंदूच ठरतो. ते प्रकरण साध्या तापाच्या उपचारातून सुरू झालं होतं. इथे तर हातात नळी आहे.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदवही संगणकावर पाहता येते. नाव किंवा क्रमांक घातला की नोंदणी आहे का, ते कळतं. दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. २०२५ मध्ये परिषदेने ‘नो युवर डॉक्टर’ नावाचा क्यूआर कोडही आणला. मी शेजारणींना सांगते की एमबीबीएसची नोंदणी बघून थांबू नका, तिच्याखाली जादा पात्रता म्हणून एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी नोंदली आहे का ते बघा. भिंतीवर टांगलेली चौकट आणि परिषदेची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण हे सगळं इंग्रजीत, मुंबईतल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर. परतूर किंवा गेवराईहून एसटीने आलेली बाई क्रांती चौकात उतरून काय काय शोधणार?

म्हणून हे पत्र परिषदेला न लिहिता आपल्याला लिहिलं. डॉक्टरची नोंद मुंबईत आहे, पण जागेची नोंद आपल्याकडे आहे. १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने शहरातल्या रुग्णालयांची नोंदणी महापालिका करते, दर तीन वर्षांनी नवी करते, तिचे आरोग्य अधिकारी जाऊन जागा पाहू शकतात. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी तर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. मात्र हा कायदा ज्या जागी रुग्ण ठेवून घेतले जातात त्यांच्यासाठी आहे. खाटा नसलेले बाह्यरुग्ण दवाखाने सहसा या नोंदणीत येत नाहीत, आणि केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. या फटीतच सौंदर्य क्लिनिकं बसली आहेत. खाली पार्लर, वर दोन खोल्या, एक टेबल, एक सक्शन मशीन. कागदावर ती बाह्यरुग्ण तपासणीची जागा. प्रत्यक्षात तिथे माणसाला गुंगी देऊन अंगात लिटर-लिटर द्रव भरतात. माझ्या मते जिथे माणसाला भूल देऊन आडवं केलं, सलाईन लावलं, शुद्धीवर येईपर्यंत नर्स बसवली, तिथे शुश्रूषा झाली. त्या जागेला नोंदणी हवी. आपल्या विधी विभागाने यावर काय म्हणायचं ते म्हणावं, पण प्रश्न टाळू नये.

सरकारला ही शस्त्रक्रिया दिसत नाही असं मात्र नाही. उपचारांना जीएसटी माफ आहे. जन्मजात व्यंग, इजा किंवा अपघात यांसाठीची प्लास्टिक सर्जरी वगळता सौंदर्यशस्त्रक्रियेला ही माफी नाही, तिच्यावर १८ टक्के कर लागतो. बिलावर सरकारचा वाटा आहे. मग ते बिल कोणत्या खोलीत फाटलं आणि तिथे ऑक्सिजनचा सिलिंडर होता का, हे विचारण्याची जबाबदारीही सरकारची आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर आरोग्य विमा या ऑपरेशनचे पैसे देत नाही. सगळा खर्च घरातल्या सोन्याचा किंवा हप्त्याचा. असा माणूस सवलतीला लवकर भुलतो.

परिणाम आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असतील. मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांतली एकवीस वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशनसाठी गेली आणि त्याच दिवशी वारली. तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या रुग्णालयात हलवावं लागलं होतं. घरच्यांना ऑपरेशनची कल्पना नव्हती असं तिच्या पालकांनी सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये पुदुच्चेरीचा सव्वीस वर्षांचा तरुण चेन्नईत वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी गेला आणि दगावला. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपण करून घेतलेला त्रेचाळीस वर्षांचा व्यावसायिक दोन दिवसांत दगावला. ही माणसं आजारी नव्हती. चालत गेली होती. म्हणूनच या ऑपरेशनला मी इतर ऑपरेशनांपेक्षा कडक कसोटी लावते. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला थांबायला वेळ नसतो. इथे थांबायला हवा तेवढा वेळ आहे, आणि जो डॉक्टर ‘आज बुकिंग केलंत तर’ म्हणतो तो हा वेळच हिरावून घेतो.

एक जुना निकाल या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो, आणि तो आपल्याच मातीतला आहे. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. त्याला पुण्याला नेलं आणि तिथे उपचारादरम्यान तो दगावला. वडील न्यायालयात गेले. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९६८ मध्ये निकाल लागला. डॉक्टरची काळजी तीन ठिकाणी मोजली जाते असं न्यायालयाने सांगितलं. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो उपचार देताना. यातली पहिली पायरी चरबीच्या ऑपरेशनात सर्वांत महत्त्वाची आहे. चांगला प्लास्टिक सर्जन पुष्कळांना परत पाठवतो. ‘तुमचं वजन अजून उतरतंय, स्थिर झाल्यावर या.’ ‘पुढच्या वर्षी बाळ हवंय ना, मग आत्ता पोट शिवून उपयोग नाही.’ ‘तंबाखू सोडा, महिनाभर तरी, नाहीतर जखम भरणार नाही.’ असं ऐकून रागावलेल्या बायका माझ्याकडे आल्या आहेत. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला डॉक्टर सापडला.

आणखी काय विचारावं हे त्या विचारतात, तेव्हा मी भूलतज्ज्ञाचं नाव विचारायला सांगते. स्वतंत्र भूलतज्ज्ञ आहे का, तो शेवटपर्यंत थांबतो का. ‘आमचेच डॉक्टर देतात’ हे उत्तर आलं तर पर्स उचलावी. ऑपरेशन नेमकं कोण करणार हेही स्पष्ट विचारावं, कारण काही ठिकाणी तपासतो एक, फोटो दुसऱ्याचा आणि नळी धरतो तिसरा. संमतिपत्र मराठीत मागावं, घरी नेऊन वाचावं. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. टेबलावर झोपवल्यावर ‘दंडही करून टाकू का’ हा प्रश्न कायद्यात बसत नाही. आणि नवरा, आई, बहीण, कुणीतरी एक माणूस बरोबर असावा, ज्याला सगळं ठाऊक आहे. लाजेपोटी एकटं जाणं फार महाग पडतं.

बिघडलेलं नीट करायला येणाऱ्यांची अवस्था तर मला पाहवत नाही. पोटावर खाचखळगे, एक बाजू फुगलेली, एक खोल, कातडी आतल्या थराला चिकटलेली. पैसे संपलेले, घरात बोलायची सोय नाही. त्यांना लगेच कुणीतरी ‘करेक्शन’चं नवं पॅकेज देतो. सूज उतरून ऊती मऊ व्हायला सहसा सहा महिने, कधी वर्ष लागतं. त्याआधी पुन्हा हात घातला तर नुकसान वाढतं. काही खाचा दुसरीकडची चरबी भरून सुधारतात, काही पूर्ण जात नाहीत, आणि हे तोंडावर सांगणारा सर्जनच खरा. या माणसांना पहिल्या ऑपरेशनचे कागद लागतात: किती द्रव भरलं, किती काढलं, कोणती औषधं दिली. आचारनियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत हे कागद द्यावे लागतात. बहुतेकींना हे ठाऊकच नसतं, आणि मागायला गेलं तर ‘फाइल सापडत नाही’ ऐकून त्या परत येतात.

तर आयुक्तसाहेब, मागणं एवढंच आहे. शुश्रूषागृहांची नोंदणी नवी करताना अर्जासोबत एक पान जोडून घ्या. तुमच्याकडे चरबी काढण्याची आणि शरीराचा आकार सुधारण्याची शस्त्रक्रिया होते का, ती करणाऱ्याचा परिषदेतला क्रमांक आणि जादा पात्रता काय, भूलतज्ज्ञ कोण, रात्री डॉक्टर कोण थांबतो, अतिदक्षता विभाग इथेच की दुसरीकडे आणि तो किती अंतरावर. हे क्रमांक परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहा. जे जुळतील त्यांची यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक झोन कार्यालयात लावा. जे क्लिनिक नोंदणीशिवाय हे ऑपरेशन करतं त्याची तक्रार कुठे करायची, तो फोन नंबर त्याच कागदावर छापा. जालना रोड, उस्मानपुरा, निराला बाजार, कॅनॉट, गारखेडा या भागांत आपल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकदा फक्त पाट्या वाचत फिरावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि जाहिरातीत ‘सर्जन’ लिहिणाऱ्याची पात्रता संशयास्पद वाटली तर ते प्रकरण महापालिकेनेच परिषदेकडे पाठवावं, रुग्णाला मुंबईच्या फेऱ्या मारायला लावू नये.

शहरात नियमाने काम करणारे प्लास्टिक सर्जन आहेत. त्यांना या यादीचं ओझं वाटणार नाही, उलट दिलासा वाटेल. त्यांच्या संघटनेला आणि आयएमएच्या स्थानिक शाखेला बोलावून त्यांच्याकडूनच हे पान तयार करून घेता येईल. मराठी मजकूर लिहायला, सोपा करायला, छापण्याआधी बायकांना वाचून दाखवायला माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका पुष्कळ आहेत, आम्ही बिनपैशाने येऊ.

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते आणि या क्लिनिकांच्या जाहिराती वाढतात. त्याआधी हा कागद भिंतीवर लागावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सिडको, छत्रपती संभाजीनगर